चांग्याचे वाकण

खारदेवळीचा बांध खाडीच्या कडेने अर्धा कोस नाकासमोर जातो. मग, जिथे सरळ जायला काहीच हरकत दिसत नाही, तिथेच तो एकाएकी पोट काढून खाडीत शिरतो. शे-दीडशे पावले वाकडी घेतो, एक गोल काळा डोह आतल्या बाजूने कुशीत धरतो आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. या वळणाला चांग्याचे वाकण म्हणतात.

वाकण अजून उभे आहे. बाकीचा बांध तीन ठिकाणी फुटला आहे. आतली शेते गेली. जिथे लाल भात डोलत होते तिथे तिवरे उगवली आहेत आणि भरतीला चिखलातून खेकडे चालतात. अर्धे गाव डोंगराकडच्या नव्या वस्तीत राहायला गेले. उरली ती बहुतेक म्हातारी माणसे.

गेल्या फाल्गुनात मोजणीची माणसे आली. त्यांना वाट दाखवायला हसुरामबाबा म्हात्रे गेला. उघाडी, म्हणजे शेतातले पाणी खाडीत सोडायची मोरी, त्याच्या घराण्याने राखलेली. वय ऐंशीच्या पुढे, पण बांधावर त्याचा पाय शेळीसारखा पडतो. तो पाण्याकडे बोट करून सांगत होता, हे आमचे खळे, इथे मळणीला बैल फिरायचे, ती वरकस, म्हणजे उंचवट्यावरची जमीन, तिथे पोरीबाळी वाल खुडायच्या. मोजणीवाले मान डोलवत होते. त्यांना नुसते पाणी दिसत होते.

वाकणापाशी आल्यावर त्यांच्यातल्या मोठ्या साहेबाने विचारले, "बाबा, हा बांध इथे असा वाकडा का? सरळ बांधला असता तर निम्म्या मातीत झाला असता."

"आतून घेतला असता तर निम्म्यातच झाला असता," हसुराम म्हणाला. "पन मंग चांगा बाहेर राहिला असता."

आणि तो तिथेच बांधावर बसला. त्याने जे सांगितले ते असे.

फार मागे, गावात मोजून सत्तर चुली होत्या तेव्हा, उघाडी राखायचा मान चांगा आणि पोशा या दोन भावांच्या घराकडे होता. आईबाप पटकीच्या साथीत एका आठवड्यात गेले, तेव्हा पोशा पाच वर्षांचा होता. चांगाने त्याला खांद्यावर घेऊन नांगर धरला असे सांगतात. पोशाला आईचा चेहरा आठवत नव्हता. त्याला आठवत होती ती दादूसची, म्हणजे थोरल्या भावाची, मान, कारण त्याचे सारे लहानपण त्या मानेला धरून गेले होते.

पोशा वाढला तो अंगाने. डोके मात्र उतावळे. मनात आले की हात पुढे, विचार मागाहून. चांगा त्याला म्हणायचा, "तुजा हात तुज्या आदी जन्माला आला रं!" आणि हसायचा. तो कधी रागावत नसे, हेच वाईट झाले, असे म्हातारी माणसे म्हणतात.

उघाडी तेव्हा अशी होती. बांधाच्या पोटातून आरपार दगडी नळा, माणूस ओणवा होऊन जाईल एवढा. नळ्याच्या खाडीकडच्या तोंडाला सागाची जाड फळी, दोन्ही बाजूंच्या खाचांतून वरखाली सरकणारी. ओहोटी लागली की बांधावर उभे राहून दोराने फळी वर ओढायची, शेतातले पाणी निघून जायचे. भरती फिरली की फळी सोडायची. एवढ्या एका फळीवर सत्तर घरांचे भात होते.

पण त्याच फळीत एक मोह होता. भरतीला ती वीतभर उघडी ठेवली की पाण्याबरोबर जिताडा, खाडीतला मोठा चवीचा मासा, आत शिरतो, आणि मग आतल्या नाल्यात जाळे लावून त्याला सहज धरता येते. चोरून सगळेच हे करत. मात्र भांगाला करत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, जेव्हा भरतीला जोर नसतो. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला कुणी फळीला हात लावत नसे. ते पोराटोरांनाही ठाऊक होते.

त्या वर्षी चांगाची बायको हौशी पहिलटकरीण होती. माहेरी बाळंत झाली, मुलगा झाला. आश्विनातल्या पुनवेला माहेरची माणसे बाळबाळंतिणीला घेऊन येणार असा निरोप आला. शेतात भात पिवळे होत आले होते, आठ-दहा दिवसांत विळा लागायचा. घरात आनंद मावत नव्हता. पोशाने सगळ्या आळीत सांगून टाकले, "वयनीच्या मान्सांना जिताडा खायला घालनार! निवट्या-बोईटांच्या बारक्या मासळीवर नाय बोळवनार आमी!"

आळीतली एक म्हातारी म्हणाली, "पुनवंला जिताडा? कुनाच्या चुलीतून काडशील?"

पोशा त्या शब्दाने पेटला.

पुनवेच्या सकाळी ओहोटीत त्याने फळी वीतभर वर उचलली आणि खाचेत तिवराचे वाळके लाकूड ठोकून ती अडकवली. त्याचा हिशेब साधा होता. भरती गुडघ्याएवढी होईस्तोवर चार जिताडे आत येतील, मग लाकूड काढायचे, फळी सोडायची, कुणाला कळणारही नाही. जिताडे आले. एक तर हातभर लांब होता, म्हणे. पोशा हरखला आणि आणखी थोडा वेळ थांबला. मग लाकूड काढायला गेला तर ते निघेना. वाळके लाकूड पाणी पिऊन फुगले होते. खाचेत असे बसले होते की जणू दगडाचाच भाग. त्याने वरून टोले घातले, तशी फळी तिरपी झाली आणि अधिकच फसली. पाणी कमरेएवढे झाले.

पोशा ओरडत घराकडे धावला. चांगा दारात तोरण बांधत होता. ते तसेच अर्धे सोडून तो आला. फळी पाहिली, लाकूड पाहिले, आतल्या नाल्यात उसळणारे मासे पाहिले. त्याला सगळे समजले.

"कुनासाटी?" त्याने विचारले.

"वयनीच्या मान्सांसाटी," पोशा म्हणाला.

चांगाने धोतर खोचले, हातात दगड घेतला. म्हणाला, "मी आतून जातो नि लाकूड ठोकून काडतो. तू वर दोर धरून रा. माजा हात खाचेत आसंल. मी हाक दिल्याबिगर फळी सोडू नको."

तो शेताकडच्या तोंडाने नळ्यात शिरला. येणाऱ्या पाण्याच्या उलट, ओणव्याने. पोशा वर दोर धरून उभा राहिला. खालून दगडाचा आवाज येत होता. एक टोला, दोन टोले, तीन. आणि मग पोशाच्या हातातला दोर एकदम जड झाला. लाकूड निघाले होते. फळी मोकळी झाली होती, तिचा सारा भार आता त्याच्या हातात होता.

हाक आली नाही.

"दादूस!" पोशा ओरडला. "दादूस, हात काड!"

खाली पाणी घोंगावत होते. त्याने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. दोर सोडला तर फळी दादूसच्या हातावर पडेल, मानेवर पडेल, ही एकच गोष्ट त्याला दिसत होती. ती मान त्याने जन्मभर धरली होती. बांधावर माणसे जमली, लांबून ओरडू लागली, "टाक! फळी टाक!" त्याने टाकली नाही. उधाण चढत गेले. नळ्याचे दगड हलले, बांधाला खांड पडली आणि खाडी त्या खांडीतून गावात शिरली. दगड गेले, फळी गेली, चांगा गेला. पोशाच्या हातात तुटका दोर राहिला.

दुपारी माहेरची माणसे बाळाला घेऊन आली, तेव्हा तोरण अर्धेच बांधलेले होते आणि शेतात भाताची कणसे पाण्यावर तरंगत होती.

तेव्हा फळी टाकली असती तर पाणी थांबून चांगा मागे सरकत बाहेर आला असता, की फळीखाली सापडला असता, हे कुणालाच कधी कळले नाही. लोक म्हणत, आला असता. पोशाही मनात तेच म्हणे. आणि दुसऱ्या क्षणी त्याला तो हात खाचेत दिसे. त्याचे बोलणे त्या दिवसापासून बंद झाले.

खांडीपाशी पाण्याने असा खड्डा खणला की सात बाजांची सुंभे एकाला एक बांधून सोडली तरी तळ लागला नाही, म्हणे. चांगाचे काही सापडले नाही. त्या हिवाळ्यात लोक कोंडा रांधून जगले, कितीजण मिठागरावर मजुरीला गेले. पोशाला कुणी मारले नाही. कुणी त्याच्याकडे बघितलेही नाही. हौशी त्याच घरात राहत होती, त्याचे ताट वाढून ठेवत होती, पण एक शब्द बोलत नव्हती. तो ताट उचलून बाहेर नेई आणि अंगणात बसून खाई. घराच्या छपराखाली झोपायचे नाही आणि मासळीला शिवायचे नाही, अशी शपथ त्याने घेतली होती. ती त्याने कुणाला सांगितली नाही. लोकांनी पाहून ओळखली.

पौषात गाव बांध बांधायला बसले. डोह बुजणे शक्य नव्हते, त्याला वळसा घालणेच भाग होते. जाणत्यांनी ठरवले, वळसा आतून घ्यायचा. डोह खाडीला सोडायचा. माती कमी लागेल, लाटेचा मारा चुकेल. शहाणपणाचे होते ते.

तेव्हा हौशी बाळाला कडेवर घेऊन पुढे आली.

"आतून घेतलात तर माजा धनी खाडीच्या वाट्याला गेला," ती म्हणाली. "बाहेरून घ्या. तो गावात पायजे."

"पोरी, बाहेरून घेतला तर दरसाल लाटा माती खातील. कोन घालनार?"

"माजं घर घालंल."

"तुज्या घरात हाय कोन?" एक जण बोलून गेला.

हौशीने खाली पडलेली पाटी उचलली, चिखलाने भरली आणि वळली. पोशा लांब, एकटा उभा होता. तिने पाटी त्याच्या पुढ्यात धरली.

"उचल," ती म्हणाली. तीन महिन्यांत तिचा त्याच्याशी हा पहिला शब्द.

पोशाने पाटी डोक्यावर घेतली. त्याच्या तोंडावरून चिखलाचे पाणी ओघळत होते, आणि नुसते चिखलाचेच नव्हते. ती पाटी त्याने डोहाच्या बाहेरच्या बाजूला टाकली. दोन दिवस दोघेच माती टाकत होती. तिसऱ्या दिवशी ती जिताड्यावरून टोमणा मारणारी म्हातारी पाटी घेऊन आली. मग गाव आले.

वाकणाची दोन टोके शिवरात्रीच्या सुमाराला जवळ आली. मधली चार हातांची फट मात्र बुजेना. रोज भरायची, रोज भरतीने न्यायची. शेवटच्या दिवशी मात्र असे घडले म्हणतात, की भरती आली आणि त्या फटीच्या तोंडाशी थबकली. दोन्ही बाजूंनी पाणी चढले, पण फटीतून थेंब आत आला नाही. आतून कुणी तळवा लावून धरावे तसे. डोहातले पाणी तेवढे हलत होते. तेवढ्यात माणसांनी फट भरून घेतली.

नवी उघाडी झाली, नवी फळी बसली. पहिली भरती आली तेव्हा दोर पोशाच्या हातात दिला, कारण मान त्याच्या घराचा होता. पोशाने दोर धरला. पाणी आत येऊ लागले. त्याला दोर सोडता येईना.

"दादूस!" तो ओरडला. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज गावाने ऐकला. "दादूस, हात काड!"

पाणी येतच होते. त्याने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली, तेव्हा शेताच्या बाजूने, नळ्याच्या तोंडापाशी उभी राहून हौशीने उत्तर दिले.

"काडला! टाक फळी!"

पोशाने दोर सोडला. फळी बसली. खाडी बाहेर राहिली.

त्या दिवसापासून खारदेवळीत उघाडी एकट्याने बंद करत नाहीत. म्हात्र्यांचा पुरुष वरून तीन हाका मारतो आणि घरची सून शेताकडून उत्तर देते. उत्तर आल्याशिवाय फळी पडत नाही, मग उधाण कितीही असो. आणि दरसाल शिवरात्रीआधी गावातले प्रत्येक घर वाकणावर एक पाटी माती टाकते, पहिली पाटी म्हात्र्यांची. त्या घरात जिताडा आणत नाहीत. "लग्नाकार्यात हसतात आमाला," हसुराम म्हणाला. "आगरी नि जिताडा खात नाय! म्हनतात, पानी बदललंय यांचं."

सांगून झाले तेव्हा भरती लागली होती. हसुराम उठून उघाडीवर गेला. मोठा साहेब मागोमाग गेला. त्याने बांधाच्या दोन्ही अंगांना पाहिले. आत आणि बाहेर पाणी एकाच पातळीवर होते. त्याने जरा चाचरतच विचारले, "बाबा, आता आतही खाडीच आहे. फळी टाकून राखायचं काय?"

हसुरामने दोर हाताला गुंडाळला. "मंग हाक कुटं मारू?" तो म्हणाला.

आजही खारदेवळीला भरतीच्या वेळी गेलात तर वाकण दिसते, दोन्ही बाजूंनी पाण्यात उभे. कडेला ताज्या मातीच्या पाट्या ओतलेल्या असतात, पूर्वीइतक्या नाहीत. आजही तीन हाका ऐकू येतात, दादूस, हात काड. आणि जिथे शेत होते तिथे मांडीएवढ्या पाण्यात, लुगडे खोचून, म्हात्र्यांची सून उभी असते आणि उत्तर देते.

"काडला."

मगच फळी पडते.