राजेसाहेबांचा चहा आणि पुलाचं तोंड

राजेसाहेबांचा चहा पुन्हा सांडला! करंजगड संस्थानची आगगाडी ओढ्याच्या पुलावर चढली की धाडकन हिसका बसायचा आणि चहा थेट पांढऱ्या अंगरख्यावर.

रुळांची राखण करणाऱ्या सोमा मुकादमाला बोलावणं गेलं.

"काय रे, खडी घालतोस की खातोस?"

"घालतो, म्हाराज. दर आठवड्याला ठोकून बसवतो. पर पुलाअलीकडचा भराव मातीचा. चार गाड्या गेल्या की खचतो. पूल दगडी, त्यो जागचा हलत न्हाई."

"मग ऐक! आठ दिवसांनी आमचा भरला कप पुलापार गेला पाहिजे. पुलाला हात लावायचा नाही. नवं काही मिळणार नाही, ना खडी, ना लाकूड. थेंब सांडला तर नोकरी गेली, खोली रिकामी!"

 सोमाच्या मागे त्याची बायको हौसाबाई उभी होती. तिचा जन्म खडीच्या पाट्या वाहण्यात गेलेला.

"म्हाराज, जुनं चालंल?"

"जुनं वाटेल ते ने!"

घरी सोमा ओरडला, "अगं, कुणाच्या जिवावर बोललीस?"

"गादीवरनं एकदम दगडावर उतरा बरं. बसतो का न्हाई गुडघ्याला हिसका? तेच गादी, मग घोंगडी, मग चटई, मग दगड! गाडीलाबी तसंच न्यायचं. रुळाखालची लाकडं पुलापाशी दाट, म्हंजी तिथं भराव कमी दबंल; मागं मागं विरळ."

"आन् जादा लाकडं?"

हौसाबाई नुसती हसली.

सात दिवस सगळ्या मजुरांनी खडी उपसली, लाकडं बसवली, तीच खडी पुन्हा ठोकली.

आठव्या दिवशी कप काठोकाठ भरला. गाडी पुलावर चढली. सोमानं डोळेच मिटले. पण एक थेंब सांडेल तर शपथ!

पुलापलीकडे गाडी थांबवून राजेसाहेबांनी दोघांना डब्यात बोलावलं. कप हातातच होता.

"हौसाबाई, नवं लाकूड आणलंस ना?"

"न्हाई जी. रुळाचीच जुनी लाकडं. राजवाड्याच्या बागेत त्यांची बाकं केली हुती, तीच मोडली."

राजेसाहेबांनी कंबर चोळली. "म्हणजे काल आम्ही सवयीनं बाकावर टेकायला गेलो आणि गवतात आपटलो, ते..."

"तिथं भराव घालायचा राहिला, म्हाराज!"

राजेसाहेब असे गदगदून हसले की अख्खा चहा अंगरख्यावर!

हौसाबाईनं हात जोडले. "म्हाराज, पूल मागं राहिला. ह्यो हिसका आमचा न्हवं!"

"नव्हेच!" म्हणत राजेसाहेबांनी तो चांदीचा कप बशीसकट तिच्या पाटीत टाकला. सोमाची नोकरी राहिली, खोलीही राहिली. मुकादमी तेवढी हौसाबाईकडे गेली. आता ती बोट दाखवते, सोमा खडी ठोकतो.