तिवरबेटचा एका हाताचा क्रूस

"हात आहेत की मेणबत्त्या? मेच्या उन्हात वितळून जातील. त्यापेक्षा ह्या वर्षी लाकडाचाच बसवून टाका, बाई."

हे माझ्याबद्दल होतं. सासूबाईंची धाकटी बहीण, तिरेज मावशी, स्वयंपाकघरात कोलंबी सोलत बसली होती आणि मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मला ऐकूही कमी येतं असा ह्या घरात एक समज आहे.

"हळू बोल गं," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे मुद्दा त्यांना मान्य होता.

मावशी कशाबद्दल बोलत होती ते कळायला आमचा क्रूस माहीत हवा. तिवरबेटावर होडीतून उतरलं की धक्क्यासमोरच दगडी चौथरा दिसतो. त्यावर जुन्या सागाचा, तेल पिऊन पिऊन काळा झालेला क्रूस आहे. त्याला उजवा हात नाही. डावा आहे, उजव्या जागी नुसती खोबण. पाहुण्यांना वाटतं वादळात मोडला असेल. कुणी हळहळतं, कुणी फोटो काढतं, आणि कुणी विचारतंच, "एवढी चांगली वस्ती, एवढं सुंदर चर्च, मग हा दुरुस्त का नाही करत?"

मग माझे सासरे, सिमाव बाबा, डोक्यावरची टोपी काढतात. टोपी काढली की आता अर्धा तास कुणाची सुटका नाही, हे मला पहिल्याच महिन्यात समजलं. पण ही गोष्ट ते कधी रंगवून सांगत नाहीत. एका सुरात, जरा खाली बघून सांगतात.

ते सांगतात ते असं.

फिरंग्यांचं राज्य जाऊन बराच काळ लोटला होता आणि आगगाडी अजून यायची होती, त्या काळातली गोष्ट. बेटावर चर्च नव्हतं, पाद्रीही नव्हता. खाडीपलीकडच्या गावचा पाद्री सणावाराला होडीतून यायचा, बाप्तिस्मे आणि लग्नं एकदमच उरकायचा आणि परत जायचा. बाकीचे दिवस बेटाचा आधार म्हणजे हा क्रूस. कुणाचा ताप उतरला, कुणाची होडी सुखरूप आली की त्याला खोबरेल लावायचं. त्याच्यावर पाय पडला तरी महापाप, असं लोक मानायचे.

आणि दुसरा आधार म्हणजे तळं. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर गोडं पाणी तेवढंच. खाडी तळ्यात शिरू नये म्हणून मध्ये मातीचा बांध होता, आणि बांधात दगडी चौकटीचं एक अरुंद दार. त्याला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात जादा पाणी तिच्यातून खाडीत सोडायचं, एरवी ती बंद ठेवायची. दाराच्या आतल्या बाजूला दगडात लोखंडी कड्या होत्या आणि त्यांतून आडवा अडसर घातलेला असे. तो एक अडसर म्हणजे बेटाचा जीव.

ते वर्ष वाईट होतं म्हणे. आदला पाऊस अर्धाच पडलेला. मे महिन्यात तळ्याच्या तळाशी थोडंसं पाणी राहिलेलं, तेही गाळून प्यायचं. तरणे पुरुष मासेमारीला समुद्रावर गेलेले. अमावास्येची भरती, त्यात वारा सुटला, आणि भर दुपारी उघाडीचा अडसर कडकन मोडला.

त्या वेळी तळ्यावर एकच बाई होती. आगात. बस्त्याव मुकादमाची नवी सून. लग्न होऊन आलेली, अजून घरातल्या मोठ्यांसमोर डोक्यावरचा पदर सरकला तर दचकणारी. तिच्या माहेरचं नावसुद्धा आज कुणाला सांगता येत नाही. तिने घागर टाकली, उघाडीच्या चौकटीत शिरली आणि मोडक्या अडसराच्या जागी, कड्यांतून, आपला उजवा हात घातला. दाराला पाठ लावली आणि ओरडली. ती बेटावर मोठ्याने ओरडलेली पहिली आणि शेवटची वेळ, असं सांगतात.

लोक धावत आले. बायांनी चिखलाच्या पाट्या ओतल्या, त्या फटींतल्या पाण्याने वाहून जात होत्या. कुणी पोफळीचा वासा आणला, तो कडीत जाताच चिरला. वल्हं आणलं, ते मोडलं. बाभळीचं लाकूड वाकडं, कडीत जाईना. नारळाचा ओंडका जाड. चौकट इतकी अरुंद की दुसऱ्या माणसाला तिच्या शेजारी उभं राहता येईना, आणि तिने हात काढला असता तर दार फुटलंच असतं. दाराच्या आतल्या खड्ड्यात झिरपणारं पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, मग कमरेला; खड्ड्याचा काठ ओलांडून ते तळ्यात जायचं तेवढं बाकी होतं.

तेव्हा एका म्हातारीने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "क्रूसाचा हात बसेल. तोच तेवढा आहे."

त्यावर सगळे एकदम बोलू लागले.

"क्रूसाला कुऱ्हाड लावायची? मेल्यावर तोंड कुठं दाखवायचं?"

"आणि जगून पाणी कुठलं प्यायचं?"

"देवाचं लाकूड आहे ते. तुझ्या घराचं आढं नाही."

"आढं काढ की मग तुझ्या घराचं!"

"माझं आढं ताडाचं, ते कडीत मावतं का?"

बस्त्याव मुकादम तिचा सासरा. लोक त्याच्याकडे बघू लागले. त्याने 'तोडा' म्हटलं असतं तर सुनेसाठी क्रूस तोडला असं गाव जन्मभर म्हणालं असतं. तो म्हणाला, "पाद्रीला विचारल्याशिवाय नाही."

मग पास्कू नावाच्या म्हाताऱ्याला होडीतून पाद्रीकडे पाठवलं. आणि उरलेले गुडघे टेकून रोझरी म्हणू लागले. इथे सासरे नेहमी थांबतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की ती प्रार्थना तिला ऐकू येत असणार. चौकटीत उभी राहून, पाणी छातीला लागलेलं असताना, तीही मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणत असेल. तिने कुणाला घाई करा म्हटलं नाही. सासऱ्यासमोर सुनेने बोलायची रीत नव्हती. ती रीत तिने तिथेही पाळली.

पास्कू पलीकडे पोचला. पाद्रीच्या हाताचा मुका घेतला, आशीर्वाद मागितला, बेटावरची खुशाली सांगायला सुरुवात केली, आणि मग मुद्द्यावर आला. पाद्री ताटावर बसला होता. तो उठला, तसा उष्ट्या हाताने.

"हे विचारायला आलास? अरे, तोडायचा होता!"

पायांत काही न घालता तो होडीत बसला आणि म्हाताऱ्याबरोबर स्वतः वल्हं मारू लागला. वारा उलटा होता. बेटाला लागेपर्यंत ऊन कललं होतं.

लोक म्हणतात, पाद्री धावत चौथऱ्यावर चढला, मागून कुणीतरी कुऱ्हाड पुढे केली, आणि त्याने आधी नुसता हात लावला. तर क्रूसाचा उजवा हात खांद्यातून सुटून त्याच्या ओंजळीत आला. कुऱ्हाड लागलीच नाही. सासरे ह्याला चमत्कार म्हणतात. माझे यजमान जॉयल म्हणतात, वाळवी. मला दोन्हींत फार फरक वाटत नाही. क्रूस तो हात केव्हाचा द्यायला तयार होता आणि इतका वेळ कुणी त्याला हात लावूनही बघितला नव्हता, एवढंच माझ्या डोक्यातून जात नाही.

तो सागाचा हात कड्यांतून असा बसला की जणू मापानेच केलेला. दार धरलं गेलं. तळं वाचलं, बेट वाचलं. आगातला बाहेर काढलं तेव्हा ती जिवंत होती. हात काळानिळा पडून ताठला होता आणि खांद्यापासून तो वाकत नव्हता. तिला चौथऱ्याशी आणून निजवलं. तळ्याचं पाणी तोंडात घातलं. ते खारं नाही ना, एवढं तिने विचारलं. नाही म्हटल्यावर डोळे मिटले.

समुद्रावरून होड्या परतल्या तेव्हा तिचा नवरा धक्क्यावरून हसत वर आला, कारण त्या खेपेला मासळी चांगली मिळाली होती. पुढचं सासरे सांगत नाहीत. फक्त इतकं सांगतात, की शवपेटीत तो हात मावेना. कुणीतरी म्हणालं, मोडून बसवू. नवऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो माणूस मागे सरला. मग पेटीच्या एका बाजूची फळीच बसवली नाही, आणि तिला तशीच, हात पसरलेली, पुरली.

बस्त्याव मुकादम त्यानंतर कुणाच्या निवाड्याला बसला नाही.

पाद्रीने त्या दिवशी दोन गोष्टी घालून दिल्या, असं सांगतात. क्रूसाला पुन्हा हात बसवायचा नाही. आणि ह्या क्रूसापुढे कुणी लांबण लावायची नाही, स्वतः पाद्रीनेसुद्धा.

आजही मे महिन्यात क्रूसाच्या सणाला पॅरिशमधली सगळ्यात नवी सून चौथऱ्याच्या वरच्या पायरीवर उभी राहते आणि रिकाम्या खोबणीपाशी आपला उजवा हात आडवा धरते. आजही तिथे एकच 'आमच्या बापा', एकच 'नमो मरिया' म्हणतात. लदीनची लांबलचक प्रार्थनामाळ नाही, प्रवचन नाही. फादरने आमेन म्हटलं की हात खाली घ्यायचा, त्याआधी नाही. घरोघरच्या बाया तळ्याच्या पाण्याचे तांबे तिच्या पायाशी ठेवतात आणि सगळे घरी जातात. बाहेरून आलेल्यांना वाटतं, एवढ्यासाठी आलो?

ह्या वर्षी सगळ्यात नवी सून मी होते. सकाळपासून घरात कुणी माझ्या हातांकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

दुपारी मी पायरीवर चढले. क्रूसाच्या सागाला डोकं टेकलं, तो तापलेला होता. हात पसरला. समोर सगळं गाव छत्र्या घेऊन उभं. फादर ऑस्विन आमच्याकडे नवीनच आलेले, त्यांनी नीट, सावकाश 'आमच्या बापा' म्हटलं. 'नमो मरिया' झालं. आशीर्वादासाठी त्यांनी हात उचलला, आणि बहारीनहून आलेले आल्बर्ट शेठ म्हणाले, "फादर, एक मिनिट."

त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोघांकरवी पुढे आणलं. बर्मा साग, पॉलिश केलेला, खोबणीच्या मापाचा हात. "पोरीबाळींना हा त्रास कशाला? एकविसावं शतक आहे."

"त्रास? आमच्या आयांनी काय केलं मग?" मागून आवाज आला.

"परंपरा आहे, शेठ."

"परंपरा बदलता येते!"

"बिशपांना विचारावं लागेल," फादर म्हणाले. त्यांचा उचललेला हात केव्हाच खाली आला होता.

"आधी कमिटी नेमा."

"कमिटीत बाया किती?"

"आल्बर्टभाऊंचं म्हणणं काय चुकीचं आहे?" ही तिरेज मावशी. छत्रीखालून.

माझ्या बोटांना मुंग्या आल्या, मग बोटं आहेत हेच कळेना. कोपरापासून थरथर सुरू झाली ती खांद्यात शिरली. घाम डोळ्यांत गेला, पुसायला हात मोकळा होता, पण तो हलवला तर दुसरा पडेल असं वाटलं. सासरे गर्दीत पुढेच होते. टोपी हातात. त्यांचे ओठ हलत होते, पण सगळ्यांसमोर बोलायचं त्यांच्याने होईना. हीच गोष्ट इतक्या वेळा सांगितलेला माणूस, आणि तोही वाट बघत होता, दुसरं कुणीतरी म्हणेल म्हणून. जॉयल गर्दीतून वाट काढायला बघत होता. कुणीतरी त्याला ठरावाला अनुमोदन मागत होतं.

मला एकदम भीती वाटली, हात पडण्याची नाही. आपणही गप्पच राहू ह्याची.

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज निघाला, आणि तो इतका मोठा होता की छत्र्या वळल्या.

"फादर, आधी आमेन म्हणा. तुमचं लाकूड थांबेल, माझा हात थांबायचा नाही."