मापाड्याची सून

धान्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या एका गावात केरबा नावाचा मापाडी होता. त्याच्या मापावर कुणी शंका घेत नसे. त्यामुळे स्वतःवर शंका घ्यायची सवय केरबालाही उरली नव्हती.

त्याची सून यमुना जेमतेम जेवायची. तरी तिचे अंग सुटत चालले. ती चोरून खाते, असे केरबाने ठरवून टाकले. दर सोमवारी भर बाजारात तो तिला काट्यावर उभी करू लागला.

"मामंजी, मला वैशाखात थंडी वाजते. केस मूठमूठ गळतात," ती म्हणाली.

"कोठीतला गूळही असाच गळत असेल," केरबा म्हणाला. हमाल हसले. तिचा नवरा पोत्यांच्या थप्पीकडे बघत राहिला.

दिवाळीपर्यंत वजन उतरले नाही तर तिला कायमची माहेरी धाडायचे ठरले. यमुनेची भाकरी आधी अर्धी झाली, मग चतकोर. काटा हलेना. एका सोमवारी ती काट्यावरच कोसळली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त तपासून घेतले. "हिच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली आहे. तिचं संप्रेरक कमी पडलं की खाल्लेलं नीट जळत नाही, अंगात पाणी साठतं. उपाशी ठेवून हे बरं होत नाही. केरबाकाका, ज्वारीचं पोतं जास्त जड लागलं तर तुम्ही काय करता?"

"आत हात घालून ओल बघतो."

"पोत्याची एवढी चौकशी करता. सुनेची नाही केलीत."

केरबाने औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. दिवाळीपर्यंत यमुनेचे अंग उतरले, थंडी गेली. तिने सासऱ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"बाजारात सांगा, मी चोरून खात नव्हते."

"आता कशाला? वजन उतरलं ना."

दिवाळीनंतरच्या सोमवारी बाजारात एका व्यापाऱ्याने विचारले, "केरबा, सून बारीक झाली की. काय केलंस?"

खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. केरबाने मिशीवरून हात फिरवला.

"शिस्त लावली," तो म्हणाला.

पुढच्या सोमवारी त्याच्या काट्यासमोर आणखी तीन घरांच्या सुना उभ्या होत्या.

तात्पर्य: काटा वजन सांगतो, कारण सांगत नाही. कारण कळल्यावरही जो आपली चूक झाकतो, तो आजार बरा झाल्यावरही अन्याय चालूच ठेवतो.