लिंबाएवढा भोपळा

सलोमी आणि तिची आई चर्चमागच्या पिटुकल्या झोपडीत राहत. आई विहिरीपाशी घसरून पडली, त्याला चार महिने झाले होते. तिला उभंच राहता येत नव्हतं. मजुरी बंद झाली होती. शेजारी देतील ती भाकरी दोघी मिठाशी खात.

ईस्टरला पाळकसाहेब म्हणाले होते, "प्रभू येशूनं जीव देऊन आपलं तारण केलं, आणि तेही फुकट!" सलोमीला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे शब्द दिला, "प्रभू, माझ्या वेलाचा पहिला भोपळा तुझा."

आज हंगामाचा रविवार उजाडला. आज सगळं गाव आपलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवणार होतं. आणि सलोमीच्या दाराशी वेलावर लागलेला भोपळा होता लिंबाएवढा!

शेजारचा फिलिप केळीचा भलामोठा घड घेऊन चालला होता. तो कुंपणापाशी थांबून हसला. "ए सलोमी, एवढासा? पाळकसाहेबांना दुर्बीण लागेल गं!"

सलोमीचे डोळे भरून आले. तेवढ्यात वेलावरच्या सोनपिवळ्या फुलातून आवाज आला, "आक्छी!" फुलातून दोन गुलाबी, इवलेसे पाय हलत होते.

"बघतेस काय? ओढ मला!"

सलोमीने अलगद ओढलं. परागांनी पिवळीधमक झालेली एक चिमुकली परी बाहेर आली. तिचे निळे-जांभळे पंख दवात चमचमत होते.

"डुलकी लागली आणि अडकले," परी लाजून म्हणाली. "माग तीन इच्छा. पण नियम ऐक. दव वाळायच्या आत मागायचं. आणि दिलेलं परत फिरवायचं असेल, तर त्यालाही एक इच्छा लागेल."

"आधी देवाचं, मग आईचं," सलोमी म्हणाली. "माझा भोपळा सगळ्यांत मोठा होऊ दे!"

भोपळा फुगला. फुगला, फुगला आणि झोपडीच्या दारात गच्च बसला.

आतून आई ओरडली, "सलोमी, अंधार का गं झाला?"

"भोपळा आलाय, आई! परी, याला हलका कर, अगदी हलका!"

भोपळा डुलत डुलत चक्क आकाशात निघाला. सलोमी देठाला लोंबकळली. तिचा परकर छत्रीसारखा फुलला.

"सोड त्याला!" परी म्हणाली. "तिसऱ्या इच्छेत आईचा पाय बरा करते. त्वरा कर, दव वाळतंय!"

"पण मी शब्द दिलाय!" सलोमीला रडू फुटलं. "आई, काय करू गं?"

आई सरपटत दारात आली होती. "दिलेला शब्द पाळ, सोन्या. माझ्या पायाचं प्रभू बघून घेईल."

सलोमीने डोळे पुसले. "मी पहिला भोपळा देईन म्हणाले होते, मोठा नाही. परी, माझा लिंबाएवढाच भोपळा परत दे."

धप्प! सलोमी मातीत बसली. तिच्या मुठीत तिचा लिंबाएवढा भोपळा होता.

शेजाऱ्यांनी नेहमीसारखं आईला हातगाडीवर बसवून चर्चमध्ये नेलं. सलोमीने केळी आणि कणसांच्या ढिगापुढे आपला भोपळा ठेवला. फिलिप हसला. पण भोपळ्यावर कुणीतरी पाय हलवत बसलं होतं. फक्त सलोमीलाच ते दिसलं.

"इच्छा तर संपल्या," सलोमी कुजबुजली.

"इच्छा मागाव्या लागतात, बाळ. हे न मागता मिळतंय, तुझ्या तारणासारखं. प्रभूनं सांगितलं, मी ऐकलं. तुझ्यासारखंच!" परी हसली. सोनेरी, गुलाबी, रुपेरी उजेडाचा झोत उसळला आणि परी त्यात विरघळून गेली.

पाळकसाहेब डोळे चोळत म्हणाले, "आता उपकारस्तुतीच्या गीतासाठी सर्वांनी उभे राहावे."

सगळ्यांच्या आधी उभी राहिली ती सलोमीची आई.