राखेखालचा निखारा

चुलीतला विस्तव बोलायचा, त्या काळातली ही गोष्ट.

द्वारकाकाकूंनी काकडी, रवा नि गूळ घालून धोंडस भाजायला ठेवलं. पातेल्याखाली जाळ, झाकणावर निखारे. "बघच, कसं चुटकीसरशी भाजतो तुला!" म्हणत जाळानं धोंडसाचं बूड तेवढं तांबूस केलं आणि फुशारकी मारत विझूनही गेला.

काकूंनी सुरी खुपसून पाहिली. "अगं बाई, पोटात कच्चंच की! आता गाईलाच घालते उठल्यावर," असं म्हणून त्यांनी निखाऱ्यांसकट झाकण परत ठेवलं आणि जरा आडव्या झाल्या.

धोंडसाला रडू फुटलं.

"रडू नकोस," झाकणावरून राखेनं माखलेला एक म्हातारा निखारा पुटपुटला. "माझ्यात जाळ नाही आता. ऊब आहे थोडी. घाई नसेल तर घे."

"मला कसली घाई?" म्हणत धोंडसानं डोळे मिटले.

दुपार कलली. वेलदोड्याचा वास हलकेच काकूंच्या स्वप्नात शिरला. धावत येऊन पाहतात तर सुरी कोरडी निघाली!

"जाळ छान लागला हो आज!" म्हणत काकूंनी झाकणावरची राख झटकून टाकली.

राख अगदी गार होती. धोंडस मात्र दिवेलागणीपर्यंत गरम राहिलं.