घरापर्यंतच्या गाठी

त्या मुलखात कोणी कोणाला भेटत नसे. सगळे एकमेकांना पानावर निरोप लिहून पाठवत. तळी दूरदूर होती, मध्ये डोंगर होते, आणि ने-आण मुंग्या करत. मोठा निरोप एका मुंगीला पेलत नसे, म्हणून पानाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या मुंग्यांकडे देत आणि पलीकडे पुन्हा जुळवत. निरोप मिळाला की पोच म्हणून शिंपल्याची एक कपची परत पाठवायची, अशी रीत होती.

ही विद्या एक म्हातारी कासवीण तळ्याकाठी शिकवत असे. नवी पोरं आली की पहिल्या दिवशी ती सगळे नियम करून दाखवायची, आणि त्यासाठी काही वर्षांनी एकदा स्वतःचाच निरोप वापरायची. तो तिच्या लेकीला असे. लेक एका पुरात डोंगरापलीकडच्या तळ्यात वाहून गेली होती. तो डोंगर चढणं कासवाच्या पायांना शक्य नव्हतं. लेक गेली त्या वर्षी कासविणीने वाटेच्या तोंडाशी एक जांभूळ लावलं होतं, पण त्याच्याखाली ती कधी जात नसे. सुरुवातीला लेकीची पोच यायची. जांभूळ मोठं झालं, त्या सुमारास ती थांबली.

"मुंगीच्या पायाला दोरा बांधायचा," या वर्षीच्या पोरांना ती सांगत होती. "वाटेत जितकी खारीची झाडं, तितक्या गाठी मारायच्या. प्रत्येक झाडावरची खार एक गाठ सोडते. गाठ न उरलेली मुंगी झाडापाशी आली, तर तिने ओझं तिथेच ठेवायचं."

"असं का, बाई?" सशाच्या पोरीने विचारलं.

"नाहीतर वाट चुकलेल्या मुंग्या जन्मभर फिरतील आणि वाटा तुंबतील."

"आमच्या काकांसारख्या," मुंगसाचं पोर म्हणालं. वर्ग हसला. कासवीणही हसली.

"गाठी जास्तच मारल्या तर?"

"मी मारते. म्हातारपणी हात सैल सुटतो." तिने पुढे सांगितलं, "पोच आली नाही, तर तोच निरोप पुन्हा पाठवायचा. पण दर वेळी आधीच्या दुप्पट थांबून."

"तुम्ही किती थांबलात, बाई?"

"गेल्या खेपेला थांबले, त्याच्या दुप्पट आता माझ्याकडे उरलेलं नाही," कासवीण म्हणाली. "म्हणून आज शेवटचा नियमही दाखवते."

तिने एक कोरं पान घेतलं आणि मिटलं. मिटलेलं पान म्हणजे बोलणं संपलं. ते ज्याला मिळालं, तो ते पाठवणाऱ्याचा कोणताही निरोप पुन्हा घेत नसे. तिने ते मुंगीला दिलं, दोरा बांधला, मुंगी रांगेत शिरली. रांगेतल्या मुंग्या सगळ्या सारख्या. आत शिरलेली मुंगी मग कोणालाच ओळखू येत नसे.

सुट्टीत पोरं जांभळाकडे पळाली. थोड्या वेळाने सशाची पोरगी परत आली. तिच्या पंजात शिंपल्याची कपची होती.

"बाई, झाडामागे ढीग आहे यांचा."

कपचीच्या कडेला नखाचा ओरखडा होता. लेकीचा तो ओरखडा कासविणीने ओळखला. मग ती चालू लागली. पोरं तिच्या चालीने मागून आली.

जांभळाच्या मुळाशी कपच्यांचा ढीग होता. खालच्या काळ्या पडल्या होत्या. वरच्या कपचीवर पलीकडच्या तळ्याचं शेवाळ अजून ओलं होतं.

"मी इथे राहायला आले तेव्हापासून दर वर्षी येतात," फांदीवरून खार म्हणाली. "पण दोऱ्याला गाठ नसते. एकच कमी पडते, दर वेळी."

"मग सांगितलं का नाहीस?" मुंगसाचं पोर म्हणालं.

"कोणी विचारलं नाही. खारीने गाठ सोडायची, निरोप कोणाचा ते बघायचं नाही."

लेक लहान असताना कासविणीनेच तिला पलीकडच्या तळ्यापासून घरापर्यंतच्या गाठी शिकवल्या होत्या, नखावर नख टेकवून. तेव्हा वाटेत जांभूळ नव्हतं.

तिने वरची कपची उचलली आणि डोंगराकडे पाहिलं. मुंग्यांची रांग चढणीला लागली होती. त्यातल्या एकीकडे मिटलेलं पान होतं, आणि तिच्या दोऱ्याला गाठी भरपूर होत्या.