पाचपैकी पाच

"कॉलेज सोडलं, तर घ्याल का मला हाताखाली?"

मायाप्पानं तिसऱ्यांदा विचारलं. धुळाआबा चातीवर लोकर कातत बसलेले. त्यांनी वर बघितलं नाही.

आमच्या भागातल्या मेंढपाळांत आबांचा शब्द शेवटचा. मायाप्पाही मेंढपाळाचंच पोरगं, पण तालुक्याच्या कृषी विद्यालयात दुसऱ्या वर्षाला. शेती कशी चालवायची, जनावरं कशी सांभाळायची, याचं शिक्षण. दिवाळीच्या सुट्टीत इथंच बसून त्यानं आबांना सुनावलं होतं, तुमची पद्धत जुनी झाली म्हणून. माझ्या कानांनी ऐकलंय. आज तोंड पडलेलं.

"का सोडतोस?"

"अकरा मेंढरं मेली, आबा. त्यातली सात गाभण. बाप बाजारला गेलावता. मीच नेली होती चारायला."

"कळलं मला. कुठं चारलीस?"

"माळावर."

चाती थांबली.

"माळावर मेंढरू असं पटापटा मरत न्हाई, लेका."

...

मायाप्पा मातीत बोटानं रेघा ओढत राहिला. मला वाटलं, उठून जाईल. पण जायला तरी तोंड कुठं होतं?

"ज्वारीच्या रानात घातली," शेवटी म्हणाला. "ज्वारी कापून नेलेली. वीतभर हिरवे फुटवे आले होते. म्हटलं, माळावरची काटकं कशाला खातील..."

"कवळ्या ज्वारीत इख असतंय. पुस्तकात न्हवतं?"

"होतं."

"परीक्षेला?"

"आलं होतं." तो अडखळला. "पाचपैकी पाच पडले."

मला हसू फुटलं. लगेच लाज वाटली त्याची.

"बापाला काय सांगितलंस?"

"हेच... माळावर चारली."

"मग त्यो काय म्हणतोय?"

"म्हणतो, पोरगं लस टोचून घ्या म्हणत होतं, मी आज-उद्या करत बसलो. शिकल्याल्याचं ऐकलं न्हाई, म्हणून मेली. तीन दिवस झाले, भाकरीला हात लावला नाही. मेंढवाड्याच्या तोंडाशी बसून असतो. मेंढरं मोजतो, परत मोजतो."

"आन् तू?"

"मी गप."

...

दगडांच्या चुलीवर चहा उकळत होता. कुणी उतरवला नाही.

"ठेवून घ्या मला, आबा. पाया पडतो. पुस्तकाला परत हात लावायचा नाही." त्यानं पिशवीतनं वही काढली आणि जाळात टाकायला वाकला.

आबांनी मनगट धरलं. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, पण पोरगं कळवळलं.

"त्ये पान काढ."

"कुठलं?"

"कुठलं त्ये तुला ठावं हाय."

कोवळ्या ज्वारीतल्या विषाचं पान लगेच सापडलं. आबांनी ते सावकाश फाडलं, चार घड्या घातल्या, पोराच्या खिशात कोंबलं. वही परत त्याच्या पिशवीत ठेवली.

"जा. बापाच्या हातात दे."

मायाप्पा उठला नाही.

"बापाला वाचता येत नाही, आबा."

"तुला तरी कुठं आलं?"